शेवटची बरणी

सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्या बारमध्ये मी तेव्हा कामाला होतो, तिथे वरच्या फळीवर सहा बरण्या असायच्या. एकीत आलं, एकीत संत्र्याची साल, असं काय काय. शेवटची माझी. तिच्यात आईने कुडाळहून पाठवलेली बिनमिठाची सोलं आणि व्होडका. चार दिवसांत अशी लालभडक व्हायची, की गिऱ्हाईक चवीच्या आधी रंगाचीच चौकशी करायचं. अमृत कोकमासाठी आई बरणीला दादरा बांधून उन्हात ठेवते; मी साखरेऐवजी व्होडका घातली, इतकंच. तिला अर्थातच हे सांगितलं नव्हतं.

२०१०च्या सुरुवातीला बारवाल्यांत कुजबुज सुरू झाली, तपासणीवाले बरण्या बघताहेत. मालकाने कायदा पहिल्यांदाच नीट वाचला. कॅलिफोर्नियात दारूला रंग किंवा स्वाद देणारा तो 'रेक्टिफायर'. त्याचा परवाना वेगळा, आमचा वेगळा. गिऱ्हाइकासमोर पेल्यात कोकम सरबत आणि व्होडका एकत्र केली तर चालतं, कारण ते लगेच प्यायचं असतं. तीच दोन्ही चार दिवस बरणीत राहिली की गुन्हा.

हसू आलं, पण पूर्ण नाही. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तिथे कारखान्यातल्या अल्कोहोलला रंग-अर्क लावून विकलं गेलं, माणसं मेली. बिनलेबलची लाल बरणी बघून मलाही शंका आली असती. आणि हसणारा मी कोण? बाबांच्या कपाटात १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालचा परवाना होता, प्रकृती राखण्यासाठी म्हणून दिलेला. बाबांची प्रकृती ठणठणीत होती.

तिथे परवान्यांची संख्या लोकसंख्येवर बांधलेली, त्यामुळे ते बाजारात भरमसाट किमतीला विकले जातात. मालकाने घर गहाण ठेवून घेतला होता. तो गेला असता तर आम्ही नऊ जण रस्त्यावर. "ओतून टाक," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. पाच बरण्या मी पटापट ओतल्या. सहावी आधी गाळली. सोलं पिशवीत घालून घरी नेली आणि त्यांची सोलकढी करून बघितली. भयंकर झाली. तरी वाटीभर प्यायलो.

२०११मध्ये सिनेटर मार्क लेनो यांचं विधेयक मंजूर झालं, गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सही केली. आपल्याच बारमध्ये विकायला असं काही मुरवणं कायदेशीर झालं. दुसऱ्या दिवशी मालकाने धुतलेली बरणी माझ्यासमोर ठेवली.

रात्री आईला फोन लावला. सोलं पाठव म्हटलं.

"गेल्या खेपेची संपली?"

"संपली."

"येवढी? करतंस तरी काय तेंचा?"

"सोलकढी," मी म्हणालो.