मणिबेलीत कुटुंबे किती?

सर्वेक्षणात मोजायचे काय आणि ‘एक’ म्हणायचे कशाला, हे प्रश्नावली छापण्याआधी ठरते. मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले गाव, सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रात सर्वांत आधी आलेले. तिथे हा प्रश्न हेक्टरांत मोजला गेला. नर्मदा पाणी तंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्याने नवरा, बायको, अज्ञान मुले आणि कर्त्यावर अवलंबून असलेली माणसे यांचे एक कुटुंब मानले. प्रत्येक सज्ञान मुलगा मात्र वेगळे कुटुंब. पाव हिश्श्याहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर जमीन द्यायची होती. एका झोपडीत राहणारी, एकाच चुलीवर जेवणारी माणसे कागदावर एक कुटुंब होतील की तीन, हे मग मुलांच्या वयावर आले.

जन्मनोंद नसलेल्या पाड्यात वय थेट विचारून कळत नाही. अनुभवी पाहणीकार घटनांचे कॅलेंडर सोबत नेतो: 1970 चा नर्मदेचा महापूर आला तेव्हा मुलगा चालत होता का, धाकटा तेव्हा झाला होता का? असे तीन-चार धागे जुळले की वय एक-दोन वर्षांच्या अंतरात बसते. घाईत ‘अंदाजे 17’ लिहिले, तर त्या एका आकड्याने माणसाची जमीन जाऊ शकते. सज्ञान मुलाच्या जमिनीच्या हक्कावरचा वाद 2005 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने तो हक्क मान्य केला.

अशा ठिकाणी समोरासमोरच्या मुलाखतीला पर्याय नाही. पोस्टाने पाठवलेली प्रश्नावली स्वस्त पडते. पण ती वाचणारा हवा आणि परत पाठवण्याइतकी आस्थाही हवी. 1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. 20 लाखांहून अधिक परत आल्या, तरी निवडणुकीचा अंदाज साफ चुकला. पत्ते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले होते आणि उत्तर पाठवणारेही वेगळ्या कलाचे निघाले. फोनवरची पाहणी झटपट होते, पण डोंगरात रेंज नसते; शिवाय घरातला एकच मोबाइल बहुधा पुरुषाच्या हातात असतो. ऑनलाइन अर्ज भरतो तो ज्याला स्वतःहून भरावासा वाटतो. त्यातून निघालेली टक्केवारी भरणाऱ्यांपुरतीच खरी. पुण्या-मुंबईच्या पदवीधरांच्या पाहणीला या पद्धती चालतील. सातपुड्यात त्यांनी मोजलेले गाव अर्धेच असेल.

मुलाखतीतही चुकण्याच्या जागा कमी नाहीत. पाहणीकार मराठीत विचारतो, घरात भिली बोलली जाते आणि मधला दुभाषी उत्तर आपल्या समजुतीने आखडतो. पाडे टेकड्यांवर विखुरलेले असतात. रस्त्यालगतची, चढायला सोपी घरे आधी होतात आणि लांबची राहून जातात. कामासाठी गुजरातेत गेलेली माणसे हजेरीत दिसत नाहीत. होळीला बहुतेक जण घरी येतात, म्हणून तारीख होळी पाहून ठरवावी. सोबत सरकारी माणूस असेल तर जमिनीचे उत्तर बदलते. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत कागदावर ‘अतिक्रमण’ असते. ते सांगावे की लपवावे, असा पेच समोरच्यापुढे उभा राहतो. प्रश्न ‘तुमच्या नावावर किती जमीन?’ असा असेल तर उत्तर शून्य येईल. ‘यंदा ज्वारी कुठे कुठे पेरली?’ असे विचारत शेताच्या बांधावरून चालले, तर खरे क्षेत्र कळते. नाव सातबारावर नाही म्हणून नांगर थांबत नाही. बायकांना वेगळे बसवून विचारणेही तितकेच गरजेचे, कारण विधवेचा आणि एकटीचा हिशेब पुरुषांच्या घोळक्यात निघत नाही.

महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाच्या देखरेखीचे आणि मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे दिले होते. एकच पाहणी करून न थांबता त्याच कुटुंबांकडे पुन्हा जाणे हे अशा कामाचे खरे बळ. बुडण्यापूर्वी घरात काय होते, याची नोंद असेल तरच नंतरची तुलना अर्थपूर्ण होते. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून 1992 च्या अहवालात नेमके याच मूलभूत पाहणीतल्या उणिवांवर बोट ठेवले. मार्च 1993 मध्ये प्रकल्पाला बँकेकडून मिळणारे उरलेले कर्ज थांबले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरे पाण्याखाली जाऊ लागली.

नोंदीतून सुटलेल्यांना महाराष्ट्रात ‘अघोषित’ असे नाव पडले. हा वर्ग मोजणीने तयार केला. नदीकाठी ती माणसे आधीपासूनच राहत होती. 2001 साली निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांच्या समितीने पुनर्वसनाची पाहणी केली आणि त्यानंतर बुडितातल्या गावांत कुटुंबांच्या नोंदी नव्याने कराव्या लागल्या. तोवर पहिले बुडित येऊन आठ पावसाळे झाले होते.