भाटीचा दात

बैल घेताना आम्ही आधी त्याचं तोंड उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आठ आले की जुळलेला. दलाल काय वाट्टेल ते सांगो, वय दातावर कळतं. पण मांजराच्या तोंडात 30 दात असतात, ते कोण मोजतो?

आमची भाटी नऊ वर्षांची. कणगीखाली उंदीर टिकू द्यायची नाही. गेल्या पावसाळ्यात ती बदलली. बांगड्याच्या वासाला धावत यायची, एक घास घ्यायची आणि कोणी फटका मारल्यासारखी मान झटकून, गुरगुरत माळ्यावर पळायची. अंग चाटणं सोडलं, केसांच्या गुठळ्या झाल्या. त्यात नातवाने लाडाने गाल चोळला, तर त्याचा हातच फोडला. त्याला इंजेक्शनं घ्यावी लागली.

"माजलीहा ती. पोत्यात घाला आणि बंदरार सोडून येवा," घरातून हुकूम सुटला.

नकोशी मांजरं आमच्याकडे बंदरावरच जातात. तिथे मासळीची घाण मिळते, जगतात म्हणे. पण पेजेत कुस्करलेला मासा ही खायची, डोकं आणि काटा टाकायची. लाळ गळायची ती डावीकडून, आणि नातवाने चोळला तो गालही डावाच. म्हटलं, हे माजणं नव्हे, दुखणं आहे.

शेजारची काकी म्हणाली, "अर्धी पॅरासिटामॉल घाल दुधातसून." बरं झालं घातली नाही. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, माणसाला उतार देणारी ती अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तिच्या शरीराला ती पचतच नाही.

त्यांनी भाटीला टॉवेलात गुंडाळून ओठ वर केला. मागच्या दाढेला हिरडीलगत खड्डा, त्यावर लाल मांस चढलेलं. ही आपल्यासारखी कीड नव्हे म्हणाले, मांजराचं शरीर स्वतःच आपला दात आतून पोखरतं. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. आणि मांजर कळ आली तरी ओरडत नाही. रानातल्या जनावराने दुखणं दाखवलं की त्याचा घास होतो, ती सवय घरात येऊनही सुटत नाही.

दाढ काढायला बेशुद्ध करावं लागलं, त्यासाठी कुडाळला नेलं. खर्च ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात म्हावरा किती इला असता!" पण आठवडाभर पेज तिनेच कुस्करली.

तिसऱ्या आठवड्यात भाटी पुन्हा अंग चाटू लागली. नातू मात्र अजून लांबूनच हाक मारतो. बांगड्याचं डोकं ती आता खाते, पण उजवीकडूनच.