रिकाम्या रकान्याचा अर्थ

दवाखान्यात भरून घेतात तो फॉर्म आठवतोय? त्यात एक रकाना असतो: 'कोणत्या औषधाची ॲलर्जी?' समजा, तो रिकामाच आहे. मग काय समजायचं? ॲलर्जी नाही, की कुणी विचारलंच नाही? कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. पेशंटसाठी मात्र हा फरक जिवावर बेतू शकतो.

या प्रश्नाचं नीटस उत्तर मला एका प्रोग्रॅमिंग भाषेत सापडलं. मी बी. ए. इंग्रजीवाली. ॲपच्या स्क्रीनवर दिसणारी वाक्यं लिहिणं हे माझं काम. कोणतं वाक्य कधी दिसतं हे समजावं म्हणून मी 'एल्म' शिकायला घेतली. वेब ॲपसाठीची ही फंक्शनल भाषा इव्हान चॅप्लिकी यांनी २०१२ मध्ये आणली.

एल्ममध्ये 'युनियन टाइप' असतो. आता त्याला 'कस्टम टाइप' म्हणतात. एखाद्या गोष्टीचे नेमके किती पर्याय असू शकतात, याची ती आधीच ठरवलेली यादी. आपल्या रकान्यासाठी पर्याय तीन: 'विचारलं नाही', 'ॲलर्जी नाही' आणि 'ॲलर्जी आहे'. तिसऱ्याला औषधाच्या नावाची जागा जोडलेली. पहिल्या दोघांना ती नाहीच.

आता स्क्रीनवर काय दाखवायचं ते लिहायचं. मी तीन वाक्यं लिहिली. त्यातलं पहिलं: 'ॲलर्जीबद्दल अजून विचारलेलं नाही, आधी विचारा.' यातला एक जरी पर्याय हाताळायचा राहिला, तर कंपायलर प्रोग्रॅम तयारच करत नाही. कोणता राहिला, तेही नावानिशी सांगतो. हे टाइप चेकिंग प्रोग्रॅम चालण्याआधीच होतं. उद्या यादीत 'आठवत नाही' हा चौथा पर्याय घातला, की कुठे कुठे बदल करायचा तेही तोच दाखवतो. फक्त 'बाकी काहीही असो' अशी पळवाट तुम्ही आधी ठेवली असेल, तर तो गप्प बसतो.

बऱ्याच भाषांमध्ये अशा रिकाम्या जागेसाठी 'नल' वापरतात. टोनी होर यांनी १९६५ मध्ये ही कल्पना 'अल्गोल डब्ल्यू' भाषेसाठी आणली आणि २००९ मध्ये स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एल्ममध्ये नल नाहीच. काही नसेल, तर 'नाही' हासुद्धा एक पर्याय म्हणून लिहावा लागतो.

अर्थात, कंपायलर फक्त उत्तराचा प्रकार तपासतो, खरं-खोटं नाही. आजीला कोणत्या गोळीने पुरळ आलं होतं, हे तिलाच विचारायला हवं. म्हणून पुढच्या वेळी घरातल्या कुणाचा फॉर्म भरताना तो रकाना रिकामा सोडू नका. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' लिहा. तेही एक उत्तरच आहे.