बसायला जागा

भाचीच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही चौघीजणी एका मोठ्या दुकानात गेलो होतो. पूर्वी अशा दुकानांत पांढऱ्याशुभ्र गाद्या असत. विकणारे काका मांडी घालून बसत, आपण समोर बसायचं, आणि मधल्या जागेत साड्यांचा ढीग वाढत जायचा. आता गाद्या गेल्या, काचेची काउंटरं आली. आमच्या बाजूला लाल गादीची स्टुलं होती. पलीकडे विशीतली एक मुलगी साड्या उलगडत उभी. दोन तास झाले तरी आमचं शालूचं ठरेना. तिनं एक टाच चपलेतून अलगद काढली, दुसऱ्या पोटरीवर घासली, परत चपलेत घातली. थोड्या वेळानं दुसरी टाच.

बहीण म्हणाली, "अगं, बस की जरा. आमचं काय, वेळ लागणारच."

ती हसली. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे तिची नजर गेली. "काकू, इथं बसायचं नसतं."

'बसू देत नाहीत' असं ती म्हणाली नाही. 'बसायचं नसतं' म्हणाली. तिन्हीसांजेला केर काढायचा नसतो, त्याच सुरात. कुणीतरी केलेला नियम एकदा रीत होऊन बसला की तो कुणी केला हे विचारायचं कुणाला सुचतच नाही.

ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. कामगार संघटनांबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे आणि त्या वाचनातली चित्रं सगळी उभ्या माणसांची: वळलेल्या मुठी, झेंडे, रस्ताभर मोर्चा. पण त्याआधी ही माणसं कुठेतरी बसलेली असणार. शेजारी बसल्याशिवाय याची पगाराची पुडी आणि त्याची पुडी सारखीच हलकी आहे हे कळणार कसं? आपण सभेला 'बैठक' म्हणतो ते उगाच नाही.

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या हिरवळीवर सिकॅमोरचं एक जुनं झाड आहे, तीनशे वर्षांहून अधिक वयाचं. आपल्याकडे वडाला पार असतो, तशी या झाडाखाली 1833 च्या सुमारास शेतमजूर जमायचे. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठवर आली होती, आठवरून सातवर, आणि आता सहाची भाषा चालली होती. जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार, पण पोटासाठी नांगर धरणारा. त्यानं शेतमजुरांचं मंडळ काढलं. थॉमस स्टँडफील्डच्या घरात नव्या सभासदाचे डोळे बांधायचे, सांगाड्याचं चित्र दाखवायचं आणि शपथ द्यायची, अशी त्यांची पद्धत होती.

1834 च्या फेब्रुवारीत सहाजणांना धरून नेलं. पंचाईत अशी होती की संघटना करणं 1824 पासून गुन्हा राहिलं नव्हतं. मग सरकारनं 1797 चा एक कायदा शोधून काढला. नौदलातल्या बंडानंतर बेकायदा शपथांविरुद्ध केलेला. शेतात राबणाऱ्यांना आरमारी बंडवाल्यांच्या कायद्यानं सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाकडे धाडलं. लंडनमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला, सह्यांचे ढीग जमले, आणि 1836 मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. परत आल्यावर सहांपैकी पाचजण पुढे कॅनडात गेले. जेम्स हॅमेट तेवढा गावातच राहिला आणि 1891 मध्ये अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात वारला. झाड अजून आहे. दर जुलैत तिथे कामगारांची जत्रा भरते.

दुसरं झाड आपल्या शेजारचं. साबरमतीच्या काठची बाभूळ. सिकॅमोरसारखी गर्द सावली नव्हे, विरळ, काटेरी. प्लेगच्या दिवसांत दिलेला बोनस अहमदाबादच्या गिरण्यांनी 1918 साली बंद केला. कामगारांनी मागितली 35 टक्के वाढ. गिरणीमालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. घरातलंच भांडण म्हणायचं, फक्त गावाएवढं मोठं. रोज संध्याकाळी कामगार बाभळीखाली जमत आणि गांधीजींनी लिहिलेली पत्रकं वाचून दाखवली जात. दिवस लांबले, चुली थंडावल्या, तशी गर्दी रोडावली. तुम्ही मोटारीतून येता-जाता, तुमचं काय जातंय, असंही कुणी बोलून गेलं. ते लागलं आणि गांधीजी उपोषणाला बसले. तीन दिवसांत तडजोड झाली, आणि पुढे लवादानं 35 टक्केच दिले. 1920 मध्ये उभी राहिलेली मजूर महाजन ही संघटना या बाभळीचीच. गंमत बघा, 'महाजन' हा शब्द तिकडे व्यापाऱ्यांच्या पेढीवरचा. मजुरांनी तो उचलला आणि आपल्या नावापुढे लावला.

मुंबईत मात्र झाड परवडणारं नव्हतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संस्था काढली तेव्हा तिला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियमावली. होतं ते एक वर्तमानपत्र, 'दीनबंधू', आणि लोकांचा विश्वास. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन बायकाही तिथे बोलायला उभ्या राहिल्या. मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुट्टीची. त्याच वर्षी 10 जूनला रविवार मिळाला. लोखंड्यांचा एक मुद्दा असा की रविवार हा खंडोबाचा वार. इंग्रजाचा चर्चचा दिवस आणि जेजुरीचा दिवस एकच निघाला, हे आपलं नशीब. आपण रविवारी उशिरापर्यंत लोळतो तेव्हा मल्हारी आठवला तर आठवतो, लोखंडे आठवत नाहीत.

पुढे गिरणगावानं आपली बैठकीची जागा शोधली ती दारात. आत साच्यांचा एवढा खडखडाट की शेजारच्याशी बोलणं अशक्य. लँकेशायरच्या विणकर बायका त्यातही ओठ वाचून गप्पा मारायच्या म्हणे. आपल्याकडे भोंगा झाला, पाळी सुटली की फाटकाशी द्वारसभा. 'द्वारसभा' हा शब्द मला फार आवडतो. एखाद्या देवळाच्या सभामंडपासारखा वाटतो, आणि तिथे बोलायचे मात्र भत्त्याबद्दल, बदली कामगारांबद्दल. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्या दारांतून बाहेर आले. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी रीतसर जाहीर केलं नाही. दारं मात्र हळूहळू बंद झाली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे. फाटक तिथे आजही आहे. तिथे आता पिशव्या तपासतात.

दाराचं मोल पोलंडनंही ओळखलं. 1980 च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात अ‍ॅना व्हॅलेंटिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना निवृत्तीला पाच महिने उरले असताना काढून टाकलं. त्यांच्यासाठी कारखाना थांबला. वीजतंत्री लेख वावेन्सा पुढे आला. एकवीस मागण्या फळ्यांवर लिहून दोन नंबरच्या फाटकावर टांगल्या. कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशात कामगारांना स्वतःची संघटना मागावी लागली, आणि ती पहिलीच मागणी होती. त्यातून उभ्या राहिलेल्या 'सॉलिडॅरिटी' या संघटनेचे सभासद वर्षभरात एक कोटीच्या आसपास गेले.

अमेरिकेत मिशिगनच्या फ्लिंट गावी तर माणसं नुसती बसली. 1936 च्या डिसेंबरअखेर जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामगारांनी यंत्रं थांबवली आणि बाहेर जायचं नाकारलं. मोटारींसाठी तयार केलेल्या मऊ आसनांवर ते चव्वेचाळीस दिवस बसले, झोपले. ठिय्या म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. कंपनीनं शेवटी युनियनला मान्यता दिली. जर्मनीनं निराळी वाट धरली. बिस्मार्कनं 1878 मध्ये समाजवाद्यांवर बंदी घातली तेव्हा तिथले कामगार गायन मंडळांच्या आडोशानं जमायचे. त्याच देशात 1976 पासून दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या खुर्च्या कामगारांच्या. मत समसमान पडलं तर अध्यक्षाचं मत जड, आणि तो भागधारकांचा, हे खरं. तरीही लपूनछपून गाणाऱ्यांना टेबलाशी खुर्ची मिळाली, ही काही लहान मजल नाही.

पण कारखाना असला तर फाटक असणार, टेबल असणार. जिथे हे काहीच नाही, तिथे काय? हमालाला एक मालक नाही, एक दार नाही. तरी पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं 1974 साली 'कष्टाची भाकर' काढलं. रास्त दरात बसून चार घास खायची जागा. संघटना पंगतीतूनही उभी राहते, हे आपल्या मातीला वेगळं सांगायला नको होतं.

कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे आपल्या 1948 च्या कायद्यातच होतं. दुकान मात्र कारखाना नव्हे. केरळातल्या कोझिकोडच्या मिठाई गल्लीतल्या कापडदुकानांत बायका दिवसभर उभ्या असायच्या. बसलं की पगार कापायचा, भिंतीला टेकणंही चालायचं नाही. पी. विजी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईनं त्यांना गोळा केलं. मोठ्या युनियनांना हा प्रश्न फारसा मोठा वाटला नव्हता. बायकांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला. 2018 मध्ये केरळनं दुकानांचा कायदा बदलला आणि विक्रेत्यांना बसायचा हक्क दिला. मागणी काय होती? एक खुर्ची.

आमचा शालू शेवटी ठरला. मुलीनं बाकीच्या साड्यांच्या घड्या घातल्या, बिल पुढे सरकवलं. निघताना मी स्टुलं मोजली. सहा होती. सगळी आमच्या बाजूला.