पडद्यावरचं मूल कुणाच्या वाक्यात बोलतं?

ऑटिझमवर एखादी मालिका आली की आमच्या केंद्रातल्या पालकांचे फोन सुरू होतात. ‘मॅडम, बघितलीत का? आमचा पण मोठा झाल्यावर असा बोलेल ना?’ मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, मध्य रेल्वेच्या एका उपनगरात काम करते. पालकांच्या प्रश्नातला ‘असा बोलेल’ हा भाग माझ्या कामाचा असतो, म्हणून या मालिका मी पाहण्यापेक्षा ऐकतेच जास्त. कथा कुठे चाललीय याच्याआधी मला ऐकायचं असतं की हे मूल बोलतं कसं, कुणाशी बोलतं आणि लेखकाने त्याच्या तोंडी वाक्यं कुठून आणून घातली.

बहुतेक वेळा ती विश्वकोशातून आणलेली असतात. ‘द गुड डॉक्टर’ ही अमेरिकी मालिका 2017 ते 2024 अशी सात वर्षं चालली. 2013 च्या एका कोरियन मालिकेवरून ती केली होती. तिचा नायक शॉन मर्फी हा तरुण शल्यचिकित्सक माणसांच्या डोळ्यांत फारसं पाहत नाही, पण व्याकरणशुद्ध, लांबलचक वाक्यांत निदान सांगतो. अशी स्वमग्न माणसं असतात, नाही असं नाही. पण आमच्या बाकांवर बसलेल्या पालकांपैकी फार थोड्यांच्या घरी ती असतात. स्वमग्न मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांना शाळेच्या वयातही जेमतेम काही शब्द येतात किंवा मुळीच येत नाहीत. ही मुलं मालिकांमध्ये दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

याचं कारण दुष्टावा नाही, माध्यमाची गरज आहे. मालिका संवादावर चालते. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकेत तर रोजचा भाग उभा करायचा, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे आणि कायद्याने बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. अशा वेळी जे पात्र बोलत नाही, ते लेखकाला परवडत नाही. मग एक तर ते मूल बोलकं आणि बुद्धिमान होतं, नाही तर आईच्या रडण्यामागे गप्प बसून राहतं. 2012 साली फॉक्स वाहिनीवर ‘टच’ नावाची मालिका आली होती. तिच्यातला अकरा वर्षांचा जेक एक अक्षर बोलत नाही. निदान ऑटिझमचं झालेलं, पण मालिका सांगते की त्याला आकड्यांमधून जगाचे धागे दिसतात. न बोलणाऱ्या मुलाला नायक करायचं धाडस या मालिकेने केलं खरं, पण त्याला दैवी शक्ती देऊन आणि वर निवेदनाला त्याचाच आवाज देऊन! प्रेक्षकाला त्याच्या शांततेत एक पूर्ण भागसुद्धा राहावं लागलं नाही.

मुलं खरोखर कशी बोलतात ते आता सांगते.

आमच्याकडे येणारा एक मुलगा कोणतंही काम संपवायचं असलं की म्हणतो, ‘पुढील स्टेशन, दादर.’ कोडं नको झालं, ‘पुढील स्टेशन, दादर.’ पाहुण्यांनी निघावं असं वाटलं, तरी तेच. लोकलमधल्या घोषणेचा सूर, मधला थांबा, सगळं जसंच्या तसं. त्याचे वडील ‘बडबड बंद कर’ म्हणून ओरडायचे. याचा अर्थ सगळ्यांत आधी लागला आजीला. ती म्हणाली, ‘अहो, त्याला इथून हलायचंय.’ आम्ही त्या वाक्याला ‘झालं, आता पुढे’ हे छोटं वाक्य जोडलं. आता तो दोन्ही वाक्यं वापरतो. घाई असली की अजूनही दादरच.

याला इकोलालिया म्हणतात, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणणं. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन 1943 साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरून केलं. तीन वर्षांनी त्यांनी या मुलांच्या भाषेवर वेगळा लेख लिहिला. त्यात एक मुलगा आहे. काही फेकायचा मोह झाला की तो स्वतःलाच बजावायचा, कुत्रा गच्चीवरून टाकू नकोस. आसपास ना कुत्रा, ना गच्ची. मग आईला आठवलं, काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असताना तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकायचा आणि तिने वैतागून हेच वाक्य म्हटलं होतं. वाक्य निरर्थक नव्हतं, त्याचा पत्ता फक्त आईपाशी होता. इतकं समजूनही पुढची कित्येक वर्षं उपचारात ही ‘पोपटपंची’ बंद पाडण्यावरच भर राहिला. 1981 साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन यांनी ही वाक्यं कुठे, कशासाठी येतात हे बारकाईने तपासलं. लगेच केलेल्या पुनरुच्चाराचे त्यांना सात वेगवेगळे उपयोग सापडले: पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला सावरणं, असे.

मराठी घरात तर हे कानाला चटकन लागतं, कारण आपलं क्रियापद बाई-पुरुष सांगतं. पाच वर्षांचा मुलगा ‘मी आले हं’ म्हणत दारातून आत येतो. वाक्य आईचं आहे, ती कामावरून आल्यावर म्हणते ते. ‘तुला पाणी हवं?’ असं विचारत तो माझ्यासमोर उभा राहतो तेव्हा तहान त्याला लागलेली असते. एकेका वाक्यात कुठला माणूस, कुठली वेळ आणि कुठली खोली बसलेली आहे हे शोधण्यात माझे दिवस जातात. या वाक्यांचा मोठा साठा कुठून येतो? टीव्हीवरून. जाहिराती, कार्टून, आजी पाहते त्या मालिकेचं शीर्षकगीत. शीर्षकगीत लागलं की स्वयंपाकघरातून धावत येणारं आणि गीत संपताच निघून जाणारं मूल मी कितीतरी घरांत पाहिलंय. अमेरिकेतल्या ओवेन सस्किंड या मुलाची गोष्ट ‘लाइफ, ॲनिमेटेड’ या पुस्तकातून आणि 2016 च्या माहितीपटातून जगभर गेली. भाषा हरवलेला हा मुलगा ‘द लिटल मर्मेड’मधला एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा आणि एक अस्पष्ट शब्द पुटपुटायचा. समुद्रातली चेटकीण जलपरीकडून तिचा आवाज मागते, त्या जागेचा तो शब्द होता. टीव्ही या मुलांना वाक्यं पुरवतो, आणि त्यांच्यावर मालिका करतो तेव्हा मात्र ती वाक्यं काढून घेऊन दुसरीच देतो. माझी तक्रार आहे ती एवढीच.

म्हणूनच बीबीसीची ‘द ए वर्ड’ मला फार मोलाची वाटते. ती 2016 ते 2020 अशी तीन पर्वं चालली. मूळ मालिका इस्रायलची. केरेन मार्गालित यांनी 2010 साली ती लिहिली. तिचं नाव ‘पिवळ्या ढोबळ्या मिरच्या’ आणि कुटुंब अरावाच्या वाळवंटातल्या शेतकऱ्यांचं. इंग्रजी रूपांतर पीटर बोकर यांचं. लेखक होण्याआधी त्यांनी बौद्धिक अडचणी असलेल्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं होतं, आणि मालिका ऐकताना ते कळतं. जागा इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं गाव. पाच वर्षांचा ज्यो कानांवर मोठे हेडफोन लावून डोंगरातल्या रस्त्याने एकटाच चालत गाणी म्हणतो. गाणी त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची, वडिलांच्या संग्रहातली. गाण्याचं नाव, बॅंड, साल, हे त्याला तोंडपाठ.

त्याच्या घरातली मोठी माणसं पाहा. आई ॲलिसन, वडील पॉल, फटकळ आजोबा मॉरिस, मामा, मामी. सगळे सतत बोलतात, टोमणे मारतात, एकमेकांची वाक्यं तोडतात आणि मनातलं कुणीच बोलत नाही. निदान झाल्यावर ते गावात कळू नये म्हणून ॲलिसन धडपडते. मालिकेचं नावच तो न उच्चारायचा शब्द आहे. या गोंगाटात ज्यो फक्त गाण्याच्या ओळी म्हणतो, आणि वडील त्याच्या शेजारी बसून त्याच भाषेत उत्तर देतात: बॅंड कुठला? साल कुठलं? बाहेरून ही प्रश्नमंजूषा वाटते, पण ती गप्प बसलेल्या बाप-लेकाची गप्पांची वेळ असते. कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हे दृश्य मी नव्या विद्यार्थ्यांना आधी दाखवते. पॉलने मुलाला काही शिकवायचं नाही असं ठरवलेलं नसतं. त्याला त्या क्षणी फक्त मुलाच्या सोबत राहायचं असतं, आणि नेमकी तिथेच देवाणघेवाण सुरू होते.

या मालिकेतलं मला न पटलेलंही सांगते. ज्योची गाणी फार सुरेख आहेत आणि फार नेमक्या वेळी येतात. ओळ मुलाच्या तोंडी, पण अर्थ आईवडिलांच्या भांडणावर बेतलेला. खऱ्या घरात साबणाची जाहिरात येते, तीसुद्धा स्मशानात. शिवाय ज्योचं काम करणारा मॅक्स व्हेंटो स्वतः स्वमग्न नाही. इतक्या लहान मुलाच्या बाबतीत मी हा मुद्दा फार ताणणार नाही, मोठ्यांच्या बाबतीत मात्र ताणेन. ‘एव्हरीथिंग्ज गॉना बी ओके’मध्ये 2020 साली केला क्रोमर या स्वमग्न अभिनेत्रीने स्वमग्न मुलीची प्रमुख भूमिका केली. ‘ॲज वुई सी इट’मध्ये 2022 साली तिन्ही मुख्य भूमिका स्वमग्न कलाकारांनी केल्या. असे कलाकार मिळत नाहीत हे म्हणणं आता टिकत नाही.

त्या दुसऱ्या मालिकेचे लेखक जेसन केटिम्स यांचा मुलगा स्वमग्न आहे. त्यांच्या आधीच्या ‘पेरेंटहुड’मध्ये एक दृश्य आहे. किशोरवयीन मॅक्सला शाळेच्या सहलीवरून परत न्यायला आईवडील आलेत. गाडीत मागे बसून तो सपाट आवाजात सांगतो की कुणीतरी त्याच्या पाण्याच्या बाटलीत लघवी केली आणि सगळे हसले. मग विचारतो, मी हुशार आहे म्हणतात, तर मग ते का हसतात हे मला का कळत नाही? आई पुढची सीट सोडून मागे, त्याच्या शेजारी येते. मॅक्सला भाषा भरपूर येते, पण तिचा उपयोग होत नाही. ‘बोलायला लागला की झालं’ म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मला हे दृश्य दाखवावंसं वाटतं.

2022 ची कोरियन ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ आमच्या पालकांमध्ये सर्वांत लोकप्रिय. पाच वर्षांची होईपर्यंत न बोललेली वू यंग-वू वडिलांवर घरमालक धावून जातो तेव्हा अचानक कायद्याचं कलम म्हणून दाखवते. हा चमत्कार आहे आणि पालकांच्या मनात तो रुतून बसतो, ‘एक दिवस एकदम बोलेल.’ मला त्याची काळजी वाटते. पण तिसऱ्या भागात हीच मालिका धीट होते. मोठ्या भावाच्या मृत्यूचा आरोप असलेला एक स्वमग्न तरुण येतो, जेमतेम बोलणारा, पेंगसू या पेंग्विनच्या गाण्यांत रमणारा. खरं तर तो भावाला आत्महत्येपासून वाचवायला धडपडत होता, पण त्याच्या तोंडून ते कुणाला कळत नाही. वकील वू त्याच्यापर्यंत पोहोचते ती पेंगसूच्या गाण्यातून. मालिका तिथे स्पष्ट दाखवते की निदान दोघांचंही एकच, पण एकीला जग टाळ्या वाजवतं आणि दुसऱ्याला आरोपी ठरवतं.

आपल्याकडे 2009 साली झी टीव्हीवर ‘आप की अंतरा’ आली. एक लहान स्वमग्न मुलगी केंद्रस्थानी ठेवून रोजची हिंदी मालिका करणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. कितीतरी घरांत हा शब्द पहिल्यांदा तिच्यामुळे पोहोचला. मराठीत उदाहरण विचारलं तर पालक अजून 1991 चा ‘चौकट राजा’ सांगतात. दिलीप प्रभावळकरांचा नंदू विसरणं शक्यच नाही, पण तो ऑटिझम नव्हे. मधल्या काळात 2016 च्या अपंग हक्क कायद्याने ऑटिझमला स्वतंत्र नोंद दिली, प्रमाणपत्रं मिळू लागली, शाळांमध्ये शॅडो टीचर आले. मराठी मालिकेतल्या घरापर्यंत यातलं काही येऊन पोहोचल्याचं मला जाणवत नाही.

आणि घर तर आपल्या मालिकांचा हुकमी विषय! एकत्र कुटुंब, दिवाणखाना, सासू-सुना, सण. ऑटिझम असलेलं घर याच दिवाणखान्यात सगळ्यांत खरं दिसेल. ‘याचा काकाही पाचव्या वर्षी बोलला’ म्हणणारे आजोबा तिथे आहेत. ‘मोबाईल दिलास म्हणून झालं’ असं सुनेला ऐकवणारी आत्या आहे. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं हे ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात ठासून मांडलं होतं आणि ते केव्हाच खोटं ठरलं, पण आत्याच्या तोंडी ते आजही जिवंत आहे. प्रश्न एवढाच की या दिवाणखान्यात मूल स्वतःच्या वाक्यांसह असेल का.

मराठी लेखकाने विचारलं तर मी त्याला आईपासून सुरुवात करू नका असं सांगेन. बहिणीपासून करा. ‘द ए वर्ड’मध्ये ज्योची मोठी बहीण रिबेका आहे. तिच्या आयुष्यात काय चाललंय याकडे घरात कुणाचं लक्ष नसतं. आमच्या केंद्रात अशी एक बारा-तेरा वर्षांची ताई भावाला घ्यायला येते. लग्नकार्यात हीच त्याची दुभाषी. मावशीने ‘काय म्हणतोय गं?’ विचारलं की सांगणार, ‘त्याला आवाज सहन होत नाहीये, पंगतीत नका बसवू.’ त्याच्या शंभरेक वाक्यांचे पत्ते तिला ठाऊक आहेत, वहीत लिहिलेले नाहीत. परवा तिने मला विचारलं, ‘मी दहावीनंतर बाहेरगावी शिकायला गेले, तर घरी कुणाला कळणार?’ आईला ती वाक्यं उतरवून घ्यायला सांगितलंय. पहिल्या पानावर तिने दादर लिहिलंय, आणि पुढच्या पानांसाठी तिला लेकीला रोज अर्धा तास समोर बसवावं लागतंय, क्लास बुडवून.