प्रत्येक तालुक्याला तीन ओळी

गेल्या वीकेंडला एक रिकामटेकडा उद्योग केला. सातारा-सांगलीच्या रोजच्या पावसाचे आकडे मिळवून पोस्टग्रेसमध्ये भरले. साताऱ्याचे ११ तालुके, सांगलीचे १०. प्रश्न साधाच, सगळ्यात मोठा पाऊस कुठल्या दिवशी झाला?

ऑर्डर बाय लावा, खाली लिमिट १०, झालं काम! पण उत्तरात जिकडेतिकडे महाबळेश्वर, मधूनच पाटण नाहीतर जावळी. आता यात चूक काहीच नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि इकडे माण, आटपाडी, जतला कसाबसा पाचशे. सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं तर माणचा नंबर लागायचाच नाही.

पण आमचे मामा आटपाडीचे. एका दिवसात शंभर मिलिमीटर म्हणजे काय ते त्यांना विचारा. महाबळेश्वरात त्या दिवशी लोक छत्री घेऊन कणीस खायला बाहेर पडतात. आटपाडीत ओढा रस्त्यावरून जातो, बांध फुटतात, डाळिंबाची बाग पाण्यात जाते. तो दिवस यादीत नसेल तर यादी कशाला केली?

म्हणून रो नंबर. पार्टिशन बाय तालुका, ऑर्डर बाय पाऊस, उतरत्या क्रमाने. म्हणजे प्रत्येक तालुक्याची मोजणी पुन्हा १ पासून. हा नंबर व्हेअरमध्ये थेट वापरता येत नाही, कारण व्हेअर आधी चालतं, नंबर नंतर पडतात. तेव्हा अख्खी क्वेरी कंसात घालायची आणि बाहेरून म्हणायचं, ३ पर्यंतचेच द्या. (पोस्टग्रेसला हे २००९ पासून येतं. मायएसक्यूएलवाले २०१८ पर्यंत व्हेरिएबलच्या कसरती करत होते, बिचारे!)

एक खोच आहे. पर्जन्यमापक बंद असेल त्या दिवशीची कोरी जागा, म्हणजे नल, पोस्टग्रेस उतरत्या क्रमात सगळ्यात वर ठेवतो. नल्स लास्ट लिहिलं नाही तर बिघडलेलं यंत्र पहिलं येतं! शिवाय तिसऱ्या जागेवर दोन दिवस बरोबरीत आले तर रो नंबर त्यातला कुठलातरी एक उडवतो. रँक दोन्ही ठेवतो, मग ओळी चार झाल्या तरी चालतील. मी रँकच घेतला.

महाबळेश्वरच्या तारखा जुलै-ऑगस्टच्या निघाल्या, आटपाडीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या. मामांना फोनवर वाचून दाखवल्या. दुसरी तारीख ऐकल्यावर म्हणाले, "त्याच रातीला हिरीवरली मोटर वाहून गेली की रं!"