भूमी गमावलेली सेना

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की व्हर्दून आणि सोम यांचीच नावे पुढे येतात. आम्हांस मात्र सर्बियाच्या सेनेची माघार राहून राहून आठवते. जेमतेम ४५ लाख वस्तीचा तो देश. डिसेंबर १९१४ मध्ये कोलुबारा नदीच्या परिसरात त्याने बलाढ्य ऑस्ट्रिया-हंगेरीला मागे रेटले, आणि त्याच हिवाळ्यात टायफसच्या साथीने तो खंगला. ऑक्टोबर १९१५ मध्ये उत्तरेकडून जर्मन व ऑस्ट्रियन फौजा उतरल्या. पूर्वेकडून बल्गेरिया तुटून पडला. सालोनिकाहून निघालेली फ्रेंच-ब्रिटिश कुमक पोहोचूच शकली नाही.

नोव्हेंबरअखेर सेना कोसोवोत कोंडली गेली. सेनानी मिशिच यांचे मत उलट हल्ला करावा असे होते. इतरांस ते पटले नाही. शरणागती तर कोणासच नको होती. उरला अल्बेनिया आणि माँटेनेग्रो यांच्या बर्फाच्छादित डोंगरांतून समुद्राकडे जाणारा मार्ग. तोफा स्वतःच्या हाताने नष्ट केल्या, काही पुरल्या. आजारी सरसेनापती पुत्निक यांना सैनिकांनी पालखीवजा खुर्चीत बसवून खांद्यांवरून नेले. सत्तरी ओलांडलेला राजा पीटर बैलगाडीतून निघाला. राजा, मंत्री, सेना, निर्वासित, सारे एकाच पायवाटेवर! राज्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ग्रंथांपेक्षा त्या वाटेवर अधिक उघडा पडला असावा.

पण या कथेतील एक गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते. शत्रूच्या हाती पडून पुढे त्याच्या कामी येऊ नयेत म्हणून, लष्करी वय न झालेली हजारो मुलेही सोबत नेली गेली. त्यांतील कितीतरी भुकेने व थंडीने वाटेतच संपली. शरण न जाण्याचा निर्णय थोरांनी घेतला; त्यांना कोणी विचारले होते? स्मारकांवरील अक्षरे वाचताना हा प्रश्न मनातून जात नाही.

सुमारे दीड लाख माणसे १९१६ च्या आरंभी मित्रराष्ट्रांच्या जहाजांनी ग्रीसच्या कोर्फू बेटावर पोहोचली. तेथील नाट्यगृहात सर्बियाची संसद भरली. भूमी नसलेल्या देशाचे कामकाज रंगमंचाच्या साक्षीने चालले, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. पुढे हीच सेना पुन्हा सज्ज झाली, सप्टेंबर १९१८ मध्ये दोब्रो पोल्येची फळी फोडण्यात अग्रभागी राहिली आणि १ नोव्हेंबरला बेलग्रेडमध्ये परतली. इतिहासकारांना येथे कथा पूर्ण झाली असे वाटते.

कोर्फूशेजारच्या विदो या छोट्या बेटावर आजाऱ्यांना ठेवले होते. मृत इतके झाले की खडकाळ जमीन पुरेना. पाच हजारांहून अधिक देह समुद्रात सोडावे लागले. त्यानंतर कित्येक वर्षे त्या पाण्यात कोळ्यांनी जाळी टाकली नाहीत, असे सांगतात. त्या जलसमाधीवर ‘निळी कबर’ या अर्थाच्या नावाची कविता लिहिणारा मिलुतिन बोयिच हा तरुण कवी त्याच माघारीतून चालत आला होता. १९१७ मध्ये, मायदेशी परतण्यापूर्वीच, क्षयाने त्याचा सालोनिका येथे अंत झाला. वय अवघे पंचवीस.